‘भरून पावलो’ आणि ‘भरून पावल्यास’

जुन्या दस्तऐवजांच्या शेवटी एक ठसठशीत शब्दप्रयोग आढळतो : ‘रक्कम भरून पावलो, तक्रार नाही.’ दोन-चार शब्दांचीच ही ओळ, परंतु ती लिहून देणाऱ्याचा हात क्षणभर थबकतो, आणि थबकावाच. कारण ही ओळ एकदा कागदावर उतरली की मागाहून ‘पैसे मिळालेच नाहीत’ असे म्हणावयास फारशी जागा उरत नाही. व्यवहारात मात्र देणारा म्हणतो, ‘आधी पावती, मग पैसे’. घेणारा म्हणतो, ‘आधी पैसे, मग पावती.’ दोघांचेही म्हणणे रास्त असते, आणि म्हणूनच तंटा उभा राहतो. या तंट्यावर अमेरिकेतील बांधकामाच्या व्यवसायात एक तोड काढलेली आहे. तिचे इंग्रजी नाव ‘कंडिशनल लीन वेव्हर’. आम्ही तिला सशर्त हक्कसोडपत्र म्हणू. विषय परक्या देशाच्या कायद्याचा आहे खरा. पण ज्याने आयुष्यात एकदा तरी घर बांधले, किंवा निदान न्हाणीघराची फरशी बदलून घेतली, त्याला तो परका वाटू नये.

हक्क सोडावयाचा तर तो मुळात कोणता, हे प्रथम पाहिले पाहिजे. शिंप्याकडे आपण कापड दिले, त्याने कोट शिवला. शिलाई दिल्यावाचून कोट मिळत नाही. सोनाराने हिऱ्याला पैलू पाडले. मजुरी मिळेपर्यंत हिरा तो आपल्यापाशी ठेवू शकतो. हे सोनाराचे उदाहरण आमचे नव्हे. ते आपल्या १८७२ च्या करार कायद्याच्या १७० व्या कलमाखाली दिलेले आहे. ज्याने वस्तूवर मेहनत केली त्याला मेहनतान्यासाठी ती वस्तू अडवून धरता येते, असा हा न्याय. पण गवंड्याचे काय? त्याने रचलेली भिंत दुसऱ्याच्या जमिनीत रुतून बसली. ती तो काखोटीला मारून घरी नेऊ शकत नाही. सुताराने बसविलेली चौकट, लोहाराने वळविलेली सळई, वखारवाल्याने पाठविलेले लाकूड, सारेच त्या घरात विरून गेले. शिंप्याला जे संरक्षण आहे ते गवंड्याला नाही. आणि गवंड्याची रक्कम तर शिंप्याच्या शंभरपट.

अमेरिकेने या प्रश्नाचे उत्तर फार लवकर शोधले. स्वातंत्र्यानंतर पोटोमॅक नदीकाठी नवी राजधानी वसवावयाचे ठरले. जमीन मुबलक होती, पैसा अपुरा होता, आणि पैशाची शाश्वती नसताना कारागीर पुढे यावयास कचरत होते. तेव्हा १७९१ साली मेरीलंडच्या विधिमंडळाने वॉशिंग्टन शहरासाठी कायदा केला, की ज्याने घर बांधले त्याच्या थकलेल्या रकमेचा बोजा त्या घरावरच राहील. या कायद्यामागे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री टॉमस जेफरसन आणि जेम्स मॅडिसन यांची खटपट होती. ज्या इंग्लंडकडून अमेरिकेने आपला बहुतेक कायदा उचलला, त्या इंग्लंडात असा बोजा नव्हता. ही उपज नव्या देशाची. पुढे एकामागून एक सर्व राज्यांनी ती उचलली. कॅलिफोर्नियाने तर १८७९ च्या राज्यघटनेतच हा हक्क घातला, आणि तो आजही तेथे आहे.

आपल्याकडे सात-बाराच्या उताऱ्यावर सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा चढतो, तो सर्वांच्या परिचयाचा आहे. अमेरिकेतील बांधकामाचा बोजा, ज्याला ते ‘मेकॅनिक्स लीन’ म्हणतात, तो पुष्कळसा तसाच. काउंटीच्या नोंदणी कचेरीत तो नोंदविला की घर विकता येणे किंवा त्यावर नवे कर्ज काढणे दुरापास्त होते. आणि शेवटी कोर्टाच्या हुकुमाने घर विकून पैसे वसूल करता येतात. यातील खरी मेख अशी की हा हक्क केवळ मुख्य कंत्राटदाराला नाही. त्याच्या हाताखालचा पोटकंत्राटदार, मजूर, माल पुरविणारा वखारवाला, भाड्याने यंत्र देणारा, हे सर्व त्याचे मानकरी. घरमालकाने त्यांतील कित्येकांचे तोंडही पाहिलेले नसते.

आता घरमालकाच्या बाजूने विचार करा. त्याने मुख्य कंत्राटदाराला ठरल्याप्रमाणे पै न् पै चुकती केली. कंत्राटदाराने ती रक्कम दुसऱ्याच कामाच्या देण्यात घातली, किंवा त्याचे दिवाळे वाजले. फरशीवाला उपाशी राहिला. तो म्हणतो, ‘फरशी तुमच्या घरात आहे; माझा बोजा तुमच्या घरावर.’ म्हणजे एकाच फरशीचे पैसे दोनदा द्यावयाची पाळी! हा अन्याय नव्हे काय, असा प्रश्न तेथील घरमालकांनीही केला. घटनेतील मालमत्तेच्या संरक्षणाला हा कायदा बाध आणतो, अशी हरकत कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आली. १९७६ साली कॉनली डेव्हलपमेंट या खटल्यात ती फेटाळली गेली. आमच्या मते निर्णय योग्यच होता. ज्याच्या घराची किंमत फरशीने वाढली त्याने फरशीवाल्याची काळजी वाहिली पाहिजे. परंतु मग ती काळजी वाहण्याचे साधनही त्याच्या हाती असले पाहिजे.

पहिले साधन सूचनेचे. पोटकंत्राटदाराने किंवा मालवाल्याने काम सुरू केल्यापासून वीस दिवसांच्या आत मालकाला प्राथमिक नोटीस धाडावयाची असते. उशीर झाला तर हक्क बुडत नाही, पण नोटिशीच्या आधीच्या वीस दिवसांपलीकडील कामाला तो लागू राहत नाही. सॅन होजे वा फ्रीमाँट येथे घर घेऊन नवे स्वयंपाकघर करविणाऱ्या आपल्याकडील एखाद्या इंजिनिअराच्या हाती, कधी नावही न ऐकलेल्या वखारीकडून आलेली अशी नोटीस पडली, की आपल्यावर दावाच लागला असे त्याला वाटावे. वस्तुतः ती धमकी नसून ओळखपत्र आहे : ‘आम्ही तुमच्या कामावर आहोत, आमचे पैसे पोचतात ना तेवढे पाहा.’ अशी पत्रे फाडून टाकू नयेत; कोणाकोणाकडून हक्कसोडपत्र घ्यावयाचे त्याची यादी याच पत्रांतून तयार होते.

दुसरे साधन हे हक्कसोडपत्र. मोठे काम एकदम पुरे होत नाही. महिन्याकाठी मोजमाप होते, चालू बिल निघते, हप्ता मिळतो. प्रत्येक हप्त्याला मालक आणि कर्ज देणारी बँक म्हणते, ‘या महिन्यापर्यंतच्या कामाबद्दल बोजा चढविणार नाही असे लिहून द्या, म्हणजे चेक देतो.’ फरशीवाला लिहून देतो. चेक येतो, पण वटत नाही. किंवा चेक येतच नाही. हक्क तर गेला! उलट, आधी चेक द्यावा तर तो वटवून फरशीवाला कागद द्यावयास टाळाटाळ करील, ही मालकाची भीती. दोघेही एकमेकांकडे संशयाने पाहत उभे, आणि काम बंद.

सशर्त पत्राने ही कोंडी फुटते. त्यात हक्क सोडलेला असतो, परंतु अमुक रकमेचा चेक बँकेतून प्रत्यक्ष वटला तरच. कागद आज हाती पडतो, त्याचा परिणाम पैसे पोचल्यावर सुरू होतो. ‘भरून पावलो’ नव्हे, तर ‘भरून पावल्यास’. ही कल्पना आपल्याला अगदीच नवी नाही. चेकने पैसे भरले की पावतीच्या तळाशी ‘चेक वटल्यावरच ही पावती ग्राह्य’ असे छापलेले आपण किती वेळा पाहिले असेल! तेच तत्त्व तेथे कायद्याच्या नमुन्यात बसविले आहे.

कॅलिफोर्नियाच्या दिवाणी संहितेत या पत्रांचे चार नमुने शब्दशः दिलेले आहेत. सध्याचे नमुने १ जुलै २०१२ पासून लागू झाले. हप्त्याचे सशर्त (कलम ८१३२), हप्त्याचे बिनशर्त (८१३४), अखेरच्या बिलाचे सशर्त (८१३६) आणि अखेरचे बिनशर्त (८१३८). मजकूर मूलतः त्याच नमुन्यातील असावा लागतो. मालकाच्या वकिलाने स्वतःच्या अकलेने रचलेले पत्र चालत नाही. सशर्त पत्राच्या माथ्यावर मालकाला इशारा असतो, की दावेदाराला पैसे मिळाल्याची खात्री झाल्यावाचून या कागदावर विसंबू नये. बिनशर्त पत्राच्या माथ्यावर इशारा असतो तो सही करणाऱ्याला : तुम्हाला पैसे मिळाले नसले तरी सही केल्यास हा कागद तुमच्यावर बंधनकारक आहे, पैसे मिळाले नसतील तर सशर्त नमुना वापरा. कायद्याच्या भाषेत इतका रोकडा उपदेश क्वचितच सापडतो. आम्हाला तो फार आवडला. विधिमंडळाने बोजड व्याख्या करण्याऐवजी घाईत सही करणाऱ्या कारागिराचा हातच धरला आहे.

हप्त्याच्या सशर्त पत्रात काय भरावयाचे ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. फरशीवाल्याने मे महिन्यात २०,००० डॉलरचे काम केले. त्यातील पाच टक्के, म्हणजे १,००० डॉलर, करारानुसार काम संपेपर्यंत अनामत म्हणून कापावयाचे. तेव्हा हप्ता १९,००० डॉलरचा. पत्रात प्रथम दावेदाराचे नाव, ज्याच्याशी त्याचा करार झाला त्याचे नाव, कामाची जागा आणि मालकाचे नाव. मग ‘या तारखेपर्यंत’ अशी एक रकाना-तारीख. येथे ३१ मे. त्यानंतर चेक कोणाचा, किती रकमेचा आणि कोणाच्या नावे. येथे १९,००० डॉलर. शेवटी अपवाद आणि सही. बिलाबरोबर ३ जूनला हे पत्र दिले, २५ जूनला चेक आला, २९ जूनला वटला. जुलैच्या आरंभी जूनचे बिल देताना फरशीवाला दोन कागद जोडतो : मे महिन्याचे बिनशर्त पत्र, कारण ते पैसे आता खरोखरच पावले, आणि जूनचे सशर्त पत्र. अशी ही महिन्या-महिन्याची साखळी. मालकाने मुख्य कंत्राटदाराकडून एकच कागद घेऊन भागत नाही. ज्यांच्या ज्यांच्या नोटिसा आल्या त्या सर्वांचे कागद गोळा करावे लागतात. संशय फारच असेल तर कंत्राटदार आणि मालवाला अशा दोघांच्या नावे मिळून एक चेक काढतात. दोघांची सही झाल्यावाचून तो वटत नाही.

सारे धोके मात्र त्या रकान्यांत दडलेले आहेत, आणि येथे थोडे थांबले पाहिजे. पहिला धोका तारखेचा. समजा, कंत्राटदार म्हणाला, ‘या खेपेला १५,०००च घ्या, बाकीचे पुढे पाहू,’ आणि पत्रात रक्कम १५,००० पण तारीख ३१ मेच राहिली. चेक वटताच ३१ मेपर्यंतच्या कामाचा बोजा चढविण्याचा हक्क गेला. राहिलेल्या ४,००० डॉलरसाठी कराराच्या जोरावर दावा करता येईल, कारण नमुन्यातच कराराचे हक्क राखून ठेवले आहेत. पण घरावरची पकड सुटली. दिवाळखोर कंत्राटदारावरील दावा आणि उभ्या घरावरील बोजा यांतील अंतर सांगावयास नको. म्हणून पैसे जेवढ्या कामाचे, तारीख तेवढीच मागची घालावी.

दुसरा धोका जादा कामाचा. मालकाने मध्येच सांगितले, ‘ओट्याच्या मागेही फरशी लावा,’ आणि त्याचा लेखी हुकूम दोघांच्या सह्यांनी झाला. असा सह्या झालेला हुकूम हप्त्याच्या पत्रात आपोआप समाविष्ट धरला जातो, अपवादात लिहिला नाही तर. एकीकडे नमुन्याच्या अपवादांत ‘पैसे न मिळालेले जादा काम’ असेही शब्द आहेत. तरीही दोन वाक्यांच्या फटीत आपले पैसे ठेवण्यात शहाणपण नाही. रक्कम आणि तारीख स्पष्ट लिहून टाकावी. अनामत रक्कम मात्र नमुन्यातच वगळलेली आहे.

तिसरा धोका मागील थकबाकीचा. वरच्या उदाहरणात मे महिन्याचा चेक जुलै उजाडला तरी आलाच नाही असे समजा. जूनच्या पत्रातील तारीख ३० जून. म्हणजे त्याच्या पोटात मेसुद्धा येतो. यासाठी नमुन्यात जागा ठेवली आहे : पूर्वी सशर्त पत्र दिले पण पैसे मिळाले नाहीत, अशा हप्त्यांच्या तारखा व रकमा. ती जागा कोरी सोडणारे सोडतात. कोऱ्या कागदावर ‘तुम्ही सही करा, आकडे आम्ही भरू’ म्हणणाऱ्याविषयी तर बोलावयासच नको.

चौथी गोष्ट धोक्याची नव्हे, विस्मरणाची आहे. सशर्त पत्र दिल्याने बोजा नोंदविण्याची मुदत थांबत नाही. कॅलिफोर्नियात काम पुरे झाल्यापासून ९० दिवस ही मुदत. मालकाने काम पूर्ण झाल्याची नोटीस नोंदविली तर मुख्य कंत्राटदाराला ६० आणि पोटकंत्राटदाराला अवघे ३० दिवस मिळतात. बोजा नोंदविल्यावर ९० दिवसांत दावा लावावा लागतो, नाही तर बोजा निकामी. ‘चेक निघाला आहे’ या गोड आश्वासनावर तीस दिवस कसे उडून जातात, हे बिलामागे हिंडलेल्या कोणालाही ठाऊक आहे. जॉर्जिया राज्याने याहूनही कडक नियम केला आहे. तेथे पत्रावर सही करून ९० दिवस लोटले की पैसे मिळाले असेच कायदा धरून चालतो. मिळाले नसतील तर त्याआधी तसे प्रतिज्ञापत्र नोंदवावे लागते. ही मुदत पूर्वी ६० दिवसांची होती, २०२१ पासून ९० झाली. म्हणजे तेथील ‘सशर्त’ शब्दाला तीन महिन्यांचे आयुष्य आहे. टेक्सासातही नमुने कायद्याने ठरलेले आहेत. जुन्या करारांना त्यावर नोटरीची सही लागे, १ जानेवारी २०२२ नंतरच्या मूळ करारांना ती लागत नाही. बहुसंख्य राज्यांत मात्र ठरीव नमुनाच नाही. तेथे मथळा ‘सशर्त’ आणि पोटातील मजकूर ‘पावलो, सर्व हक्क सोडले’ असाही कागद पुढे येऊ शकतो. मथळा वाचून सही करू नये, एवढे येथे पुरे.

कोणी म्हणेल, एवढी यातायात कशाला? करार करतानाच मजूर-मालवाल्यांकडून ‘आम्ही कधीच बोजा चढविणार नाही’ असे लिहून घ्यावे. कॅलिफोर्नियाचा कायदा असे कलम रद्दबातल समजतो. हक्क सोडावयाचा तो या चार नमुन्यांच्या वाटेनेच. १९९७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने क्लार्क विरुद्ध सेफको या खटल्यात आणखी एक पळवाट बुजविली. ‘मालकाने मला दिले तरच मी तुला देईन’ असे कलम मुख्य कंत्राटदार पोटकंत्राटदाराच्या करारात घालीत असत. ते म्हणजे आडवाटेने केलेला हक्कत्यागच, म्हणून ते लागू करता येत नाही, असे न्यायालयाने ठरविले.

सरकारी इमारतींना हा सारा प्रकार लागू नाही. सरकारच्या कचेरीवर बोजा चढवून ती लिलावात काढता येत नाही, हे उघड आहे. केंद्र सरकारच्या कामांसाठी १९३५ च्या मिलर कायद्याने कंत्राटदाराकडून हमीपत्र घेतले जाते. पोटकंत्राटदार घराऐवजी त्या हमीवर दावा सांगतो. कॅलिफोर्नियाच्या नमुन्यात बोज्याच्या हक्काबरोबर हमीवरील हक्काचाही उल्लेख असतो, तो यामुळे.

आता आपल्याकडे. आपल्या कायद्याने शिंप्याचा आणि सोनाराचा विचार केला, गवंड्याचा केला नाही. बांधलेल्या घरावर कंत्राटदाराचा किंवा फरशीवाल्याचा आपोआप बोजा चढत नाही. थकलेल्या मजुरीसाठी दिवाणी दावा, आणि तोही मुदतीच्या कायद्याप्रमाणे तीन वर्षांच्या आत. २०१६ च्या रेरा कायद्याने ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी सत्तर टक्के स्वतंत्र खात्यात ठेवून, इंजिनिअर, आर्किटेक्ट आणि चार्टर्ड अकाउंटंट यांच्या दाखल्यावर कामाच्या प्रमाणात ती काढावयाची, असा बंध घातला. त्याने सदनिका घेणाऱ्याला आधार मिळाला. फरशीवाल्याचा त्यात थेट संबंध नाही.

बोजाच नाही तेव्हा तो सोडण्याचे पत्रही नाही, असे वाटेल. पण ‘आधी पावती, मग पैसे’ हा हट्ट आपल्याकडे चांगलाच रुजलेला आहे. कंत्राटदाराच्या अखेरच्या बिलापूर्वी ‘माझे काही येणे नाही’ असा दाखला, पुष्कळदा तारीख न घालता, मागितला जातो. दावा दहा लाखांचा, कबूल सहा लाख, आणि तेही ‘सर्व भरून पावलो’ असे लिहून दिल्यावर. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २००८ मध्ये नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध बोघारा पॉलिफॅब या खटल्यात या प्रथेची दखल घेतली. तो दावा विम्याचा होता. परंतु न्यायालयाने सरकारी खाती आणि महामंडळे यांच्या या रिवाजाविषयी सामान्यतः लिहिले, की कबूल असलेली कमी रक्कम देण्यासाठी तारीख नसलेली ‘पूर्ण व अखेरची’ पावती आधी मागणे हे अन्याय्य, अनियमित आणि बेकायदेशीर आहे. अशी पावती दडपणाखाली लिहून घेतली असल्याचे दिसले तर तेवढ्याने लवादाचा मार्ग बंद होत नाही, असाही निर्णय त्यात आहे. मात्र दडपण होते हे दाखविण्याचे ओझे सही करणाऱ्यावरच पडते, आणि ते हलके नाही.

तेव्हा सुतार, रंगारी, गवंडी यांच्याशी व्यवहार करताना कायद्याची वाट न पाहता करता येण्याजोगे थोडे आहे. घरमालकाने मुख्य कंत्राटदाराला हप्ता देताना मागच्या हप्त्यातून कोणाला काय पोचले याच्या पावत्या मागाव्यात. कारागिराने पावती द्यावी, पण तीत चेकचा नंबर, बँक, रक्कम आणि ‘अमुक तारखेपर्यंतच्या अमुक कामाबद्दल, चेक वटल्यास’ हे शब्द घालावेत. अनामत आणि जादा काम यांचे येणे बाकी असल्याचे त्याच कागदावर खाली लिहावे. तारीख स्वतःच्या हाताने घालावी. चेक वटल्यावर दुसऱ्या खेपेस साधी पावती देण्यास त्याने कांकूं करू नये, आणि ती मागण्यास मालकाने संकोचू नये.